“काही नाही ना?” असं विचारू नका

खाडीकाठची
आधी एक सांगते. तुम्ही स्वतःच जीव नकोसा झालाय या विचारात हा धागा उघडला असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता १४४१६ लावा. तो टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलवत नसेल तर शेजारच्या खोलीत जो कोणी असेल त्याला उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा.

आता माझं. आमची सोसायटी ठाण्यात कोलशेत रोडला, चार विंगा. मे महिन्यात आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ गेले. वय शेहेचाळीस. कसे आणि कुठे ते मी लिहिणार नाही, आणि या धाग्यावर तुम्हीही कुणाबद्दलच ते लिहू नका. ज्याचं मन आधीच तिकडे ओढ घेतंय त्याला असले तपशील वाचून धोका वाढतो. वर्तमानपत्रांसाठीसुद्धा प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये हेच सांगितलंय.

जायच्या आठवडाभर आधी ते मला लिफ्टमध्ये भेटले. मी सोसायटीची खजिनदार. म्हणाले, “वहिनी, मेंटेनन्स मार्चपर्यंतचा भरून टाकलाय हां. नंतर कुणाला धावपळ नको.” त्यांची नोकरी जानेवारीत गेली होती, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. नोकरी गेलेला माणूस एकदम दहा महिन्यांचा मेंटेनन्स कशाला भरेल? मला ते खटकलं. खटकलं, आणि मी काय विचारलं? “काय भाऊ, सगळं ठीक ना? टेन्शन नाही ना काही?”

“नाही हो. काही नाही.”

सातवा मजला आला. ते त्यांच्या दाराकडे, मी माझ्या.

गेले चार महिने मी त्या वाक्याशी भांडतेय. आपल्या मराठीत हा प्रश्न असाच विचारला जातो. “टेन्शन नाही ना?” “वेडंवाकडं काही डोक्यात नाही ना?” त्या शेवटच्या ‘नाही ना’त समोरच्याला उत्तर पढवून ठेवलेलं असतं. ‘नाही म्हण बाबा, म्हणजे मी सुटले.’ आणि तो बिचारा भिडेखातर आपल्याला सोडवतो.

ऑगस्टमध्ये मी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. धोक्याच्या खुणा ओळखायच्या कशा, थेट विचारायचं कसं, मदतीपर्यंत पोचवायचं कसं, एवढंच त्यात असतं. डॉक्टर व्हायचं नसतं. तिथे आमच्याकडून जोडीजोडीने एक वाक्य म्हणून घेतलं: “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?” तीसेक माणसं होती. पहिल्यांदा म्हणताना निम्म्यांचा आवाज फुटेना. माझाही.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात. सगळ्या राज्यांत जास्त. दहातले सात पुरुष. हे आकडे वाचले की मला ती लिफ्ट आठवते.

आता १० सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनाच्या निमित्ताने सोसायटीत काहीतरी करायचं आहे. व्याख्यान ठेवलं तर वीस ज्येष्ठ नागरिक येतील आणि चहा पिऊन जातील. दुसरं काय करता येईल? तुमच्याकडे कुणी काही केलंय का?

घणसोली_नाइट_शिफ्ट
ताई, वाचून गलबलून आलं. एक मनापासून विचारतो. असं थेट विचारलं तर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्या डोक्यात आपणच घातल्यासारखं नाही का होणार? माझ्या टीममधला एक मुलगा हल्ली शिफ्ट संपली तरी घरी जात नाही, कॅफेटेरियात बसून राहतो. त्याला विचारावं असं वाटतं, पण भीती हीच.

निवृत्त_कार्यकर्ती
@घणसोली, विचारल्याने विचार पेरला जात नाही. यावर जगभर भरपूर अभ्यास झालाय आणि विचारल्याने धोका वाढतो असं कुठे दिसलेलं नाही. उलट माणसाला हायसं वाटतं. सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून एकतीस वर्षं काम केलं. एवढ्या वर्षांत “तुम्ही विचारलंत म्हणून मला सुचलं” असं म्हणणारा एकही भेटला नाही. “कुणीतरी विचारलं बाई एकदाचं” म्हणून रडणारे शेकड्यांनी भेटले.

पण कॅफेटेरियात चारचौघांत विचारू नकोस. त्याला बाहेर चहाला ने, आणि आधी जे दिसलं ते सांग: “तू घरी जायला टाळतोयस असं मला दिसतंय. जेवत नाहीस. मला काळजी वाटतेय.” मग विचार. “कधीकधी माणसाला इतकं असह्य होतं की जगूच नये असं वाटतं. तुला तसं वाटतंय का?” आणि मग गप्प बस. तिथेच सगळे चुकतात. समोरचा दहा सेकंद बोलला नाही की आपण घाबरून “नाही ना? बरं झालं” म्हणून मोकळे होतो. ते दहा सेकंद त्याचे आहेत.

तो ‘हो’ म्हणाला तर दचकू नकोस आणि भाषण देऊ नकोस. आईवडिलांकडे बघ, तुला काय कमी आहे, आयुष्य किती सुंदर आहे, यातलं काहीही नको. “बरं झालं सांगितलंस” एवढं म्हण आणि पुढचं विचार. कसं करायचं ते ठरवलंय का? केव्हा? त्यासाठीची वस्तू जवळ आहे का? या उत्तरांवर घाई किती ते ठरतं. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्यांना किंवा मित्राला बोलवायचं, ती वस्तू त्याच्यापासून दूर करायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात सरळ गेलं तरी चालतं. गाडीला १०८, अगदी जिवावरचं असेल तर ११२. “कुणाला सांगू नकोस” अशी शपथ घातली तर ती घ्यायची नाही. “एकट्याने हे माझ्याच्याने पेलणार नाही, आपण दोघं मिळून सांगू” असं म्हणायचं.

सर्वांत तीव्र वेळ बहुतेकदा फार लांब टिकत नाही. काही मिनिटं, काही तास. तेवढ्या वेळात सोबत असेल आणि साधन हाताशी नसेल तर पुष्कळ माणसं वाचतात, आणि त्यातली बहुतेक पुढे या कारणाने जात नाहीत. म्हणूनच कपाट आवरणं, उरलेली औषधं दुसऱ्याच्या ताब्यात देणं, हे समुपदेशनाइतकंच मोलाचं आहे.

आता ठाणेकरांसाठी थोडं विषयांतर. “याला ठाण्याला पाठवायची वेळ आलीय” असं आपण हसत म्हणतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. बाह्यरुग्ण विभागात येणारे कितीतरी जण रिक्षा अलीकडच्या सिग्नललाच सोडत, तोंडाला रुमाल बांधून चालत येत. काहींनी आम्हाला सांगितलंय की त्या विनोदामुळे यायला दोन वर्षं लावली. दोन वर्षं! त्या विनोदाची किंमत कुणाला मोजावी लागते ते मी समोर बसून पाहिलंय. घरात तरी तो बंद करा.

सरळरेषा
सगळं बरोबर असेल, पण माझा अनुभव असा की जो बोलून दाखवतो तो काही करत नाही. लक्ष वेधायला बोलतात. आणि मनही थोडं खंबीर ठेवायला नको का? आम्ही गिरणी बंद पडल्यावर काय कमी भोगलं?

परतलेला
@सरळरेषा काका, मी तीन वेळा बोलून दाखवलं होतं.

एरवी इथे नुसता वाचत असतो, आज लिहितो. चार वर्षांपूर्वी मी प्रयत्न केला आणि वाचलो. वय तेव्हा एकतीस, ऐरोलीत नोकरी, बाहेरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा असं सगळं. बायकोला म्हटलं होतं, “मी नसलो तर तुमचं सुरळीत चालेल.” ती म्हणाली, “असं अभद्र बोलू नये.” आईला म्हटलं, ती म्हणाली, “दृष्ट काढते.” मित्राला म्हटलं, त्याने हसणारी इमोजी पाठवली. तिघांचंही माझ्यावर जीवापाड प्रेम आहे, आजही. हे काय बोलतोय ते कळण्याची भाषाच त्यांच्याकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती. मला मरायचं होतं असं आता वाटत नाही. ते थांबायला हवं होतं. छातीत सतत काहीतरी दळत असल्यासारखं असायचं, ते.

खंबीर मनाबद्दल एकच. त्या महिन्यांत रोज सकाळी उठून दाढी करून ऑफिसला जायला मला जेवढा खंबीरपणा लागला, तेवढा नंतर कशालाच लागला नाही.

उपचारांत काय झालं तेही सांगतो, कारण हे आधी कुणीच नीट सांगत नाही. गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात लागू पडत नाहीत. मला तिसऱ्या आठवड्यानंतर फरक जाणवू लागला, काहींना त्याहून जास्त लागतो. पहिले पंधरा दिवस उलट बेचैनी वाढली होती. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं म्हणून त्यांना फोन केला, त्यांनी मात्रा बदलली. बरं वाटलं म्हणून मनानेच गोळ्या बंद करणं ही दुसरी चूक, तीही मी एकदा केली. आता दीड वर्ष झालं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बंद केल्यात.

आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे दिवस. लोक म्हणतात ‘सुटला’. तेव्हाच खरं सांभाळायचं असतं, पहिले काही आठवडे फार नाजूक. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं, फळांच्या पिशव्या ठेवायला जागा नव्हती. पाचव्या आठवड्यात कुणी नाही. तोच इमोजीवाला मित्र तेवढा राहिला. त्याने एक पद्धत लावली. रोज संध्याकाळी साडेसातला मेसेज: “आज किती?” दहापैकी. मी आकडा टाकायचा. सहा-सात असेल तर तो अंगठा टाकायचा, विषय संपला. तीन टाकला की अर्ध्या तासात दारात. येऊन काही शहाणपण शिकवायचा नाही. भाजी निवडायला बसायचा. एकदा दोघांनी मिळून दोन किलो मटार सोलले.

समुपदेशक बाईंनी एका कागदावर लिहून घेतलं होतं: बिघडायला लागलं की पहिली खूण काय, एकट्याने काय करता येतं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला सांगायचं, कुठल्या डॉक्टरला फोन, घरातलं काय दूर ठेवायचं. सेफ्टी प्लॅन म्हणतात. कपाटाच्या दाराला आतून लावलाय. अजून आहे.

सरळरेषा
बेटा, वाचलं. दोनदा वाचलं. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. आमच्या चाळीत त्या काळात दोघे गेले, त्यांच्याबद्दल आम्ही आजवर ‘हार्ट अटॅक’ म्हणत आलो. बहुतेक आम्हालाच ते पेलत नव्हतं.

नेरूळचा_बाबा
माझी मुलगी गेल्या वर्षी बारावीला होती. दिवाळीआधी तिच्या वहीच्या मागच्या पानावर एक वाक्य दिसलं, इथे लिहीत नाही. पहिली इच्छा झाली ओरडायची, दुसरी मोबाइल काढून घ्यायची. सुदैवाने बायको शहाणी. ती म्हणाली, आज काही बोलू नका, गाडीतून बोलू. रविवारी पाम बीच रोडने तिला घेऊन निघालो. गाडीत एक बरं असतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी विचारलं, सरळ. ती म्हणाली, “हो बाबा, दोन महिने.” स्टिअरिंग हातातून सुटायचं बाकी होतं. मी फक्त “बरं झालं सांगितलंस” म्हणालो, नंतर गाडी बाजूला घेतली. मग दोघं रडलो.

अभ्यासाचं कारण होतंच, पण मोठं कारण वेगळंच निघालं, मैत्रिणींच्या ग्रुपमधलं. आपण बारावी आहे म्हणून सगळं बारावीवर ढकलतो. तिने आधी आयकॉलला फोन केला, टाटा समाजविज्ञान संस्थेची सेवा आहे, ९१५२९८७८२१. घरात न सांगता तिला बोलता आलं हेच तिला आवडलं. मग वाशीत डॉक्टर. क्लासवाल्यांना मी एक महिना सुट्टी सांगितली तेव्हा ऐकावं लागलं, “आत्ता ब्रेक घेतला तर रँक जाईल.” जाऊ दे म्हटलं.

मी_पाचपाखाडी (वकील)
कायद्याचा मुद्दा राहिला, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण पोलीस केस होईल या धास्तीने लोक पेशंटला दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

जुन्या भारतीय दंडसंहितेत कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम ११५ ने सांगितलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. कलम २२६ उरलंय, पण ते सरकारी अधिकाऱ्याला कामापासून अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं.

रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करतं, पोलीस जबाब घ्यायला येतात, त्याने घाबरू नका. नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. आणि “आधी पोलिसांना आणा, मग उपचार” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तातडीचे उपचार देणं सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलंय. माझ्याच नात्यात हा प्रसंग घडला. नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात पाऊण तास काउंटरवर वाद घालण्यात गेला आणि ड्युटीवरचे डॉक्टर आमच्या मुलीसमोर “नाटकं” हा शब्द बोलले. ती वाचली. तो शब्द मात्र तिच्या लक्षात राहिलाय.

विम्याबद्दलही: याच कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा आहे. पॉलिसी काढून वाचा. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा.

तुर्भे_मार्केट
मी कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. आमच्या टोळीत सगळे जुन्नर-आंबेगावकडचे. हे डिप्रेशन वगैरे शब्द आमच्यात कुणी बोलत नाय. आमच्यात म्हणतात ‘त्याचं चित्त थाऱ्यावर नाय’.

गेल्या साली एका पोराने मोबाइलच्या ॲपवरून कर्ज काढलं. आठ हजार घेतले, चाळीस मागायला लागले. फोनमधल्या सगळ्यांना घाण मेसेज, फोटो जोडून. गावाकडं त्याच्या मेव्हण्यालापण. पोरगं बोलायचं बंद झालं. पाठीवर गोणी घेऊन उभंच राहायचं, हलायचं नाय. मुकादमाने वळखलं. त्यानं त्याला गाळ्याच्या मागं नेलं आन सरळ विचारलं, “जीव द्यायचा इचार करतूयस का?” पोरगं खालीच बसलं.

मग ठरलं, एकटं सोडायचं नाय. बारा दिस तो आमच्यात झोपला, घरी वहिनींला सांगून. एक जण कायम जागा. सायबरचा १९३० नंबर लावला, तक्रार केली. तिथं कळलं की कर्जवाल्या ॲपनं फोनमधली नावं-नंबर घ्यायचेच नसतात, रिझर्व्ह बँकेनं २०२२ लाच तसं बजावलंय. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग ठाण्याला सिव्हिलच्या डॉक्टरकडं नेला. पाच फेऱ्या झाल्या, दर फेरीला टोळीतला एक जण खाडा करून सोबत. खाड्याचे पैसे टोळीनं वाटून घेतले.

ताई तुम्ही पोस्टर लावणार असाल तर आमच्या मार्केटलापण द्या. पण त्यात ‘मानसिक आरोग्य’ असं मोठं लिहू नका, कुणी थांबायचं नाय. ‘झोप लागत नाय? कर्जवाले छळतात?’ असं लिहा.

घणसोली_नाइट_शिफ्ट
विचारलं. परवा, घणसोली स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर. दहा सेकंद खरंच फार लांब असतात हो. तो म्हणाला, मरायचे विचार नाहीत, पण घरी गेलो की भिंती अंगावर येतात. वडील गेलेत चार महिन्यांपूर्वी, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, त्याने रजाही तीनच दिवस घेतली होती. मी @परतलेला यांची पद्धत उचललीय. “आज किती?” आज साडेपाच म्हणाला. डॉक्टरांची वेळ शनिवारी घेतली, मी बरोबर जाणार आहे.

परतलेला
साडेपाच चांगला आहे. शनिवारी संध्याकाळीपण विचार. पहिल्या भेटीनंतर माणूस फार थकतो.

खाडीकाठची
दोन आठवड्यांनी लिहितेय. आधी सोसायटीचं.

व्याख्यान ठेवलं नाही. @तुर्भे_मार्केट भाऊंनी म्हटल्याप्रमाणे साधा कागद केला, झोप, कर्ज, नोकरी, एकटेपणा, एवढेच शब्द, खाली नंबर. टेलिमानस १४४१६. आसरा ९८२०४६६७२६, ही आपल्या नवी मुंबईचीच संस्था. आणि समोरासमोर बोलायचं असेल त्यांच्यासाठी १९९० पासून ठाण्यात काम करणाऱ्या आय.पी.एच.चं (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) नाव. लिफ्टच्या लॉबीत लावणार होते, पण सेक्रेटरींच्या मुलीने अडवलं. “काकू, तिथे कॅमेरा आहे. त्याच्यासमोर उभं राहून नंबर कोण उतरवेल?” म्हणून कागद मीटर रूमच्या बोळात आणि क्लबहाउसच्या स्वच्छतागृहांत, दाराच्या आतल्या बाजूला. वॉचमन आणि घरकामाच्या बायकांसाठी हिंदीतही केला. रात्रपाळीचा वॉचमन म्हणाला, गच्चीवर कोण किती वेळ उभं असतं ते मलाच दिसतं, मला काय बोलायचं ते शिकवा. तर पुढच्या प्रशिक्षणाला चारही वॉचमन जाणार, त्या दिवशीचा पगार सोसायटी देईल. गच्चीच्या कुलपाचा ठरावही झाला. मार्केटसाठी दोनशे प्रती काढल्यात, भाऊ, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा.

आता दुसरं, जे मी मे महिन्यापासून टाळत होते. मी त्यांच्या घरी गेले. एकाच मजल्यावर राहून चार महिन्यांत मी त्या वहिनींशी ‘दूध आलं का’ यापलीकडे बोलले नव्हते. काय बोलावं ते कळत नाही ही सबब. त्या म्हणाल्या, “बाई, तेराव्यानंतर या घरात त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही. मुलगासुद्धा ‘ते’ म्हणतो.” मी त्यांचं नाव घेतलं. लिफ्टमधला प्रसंग सांगितला, मेंटेनन्सचा, माझ्या प्रश्नाचा. मला वाटलं त्या रागावतील. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला त्यांनी त्याच आठवड्यात गॅसचा नंबर कसा लावायचा ते दाखवलं. मीही काही विचारलं नाही.” मग दोन तास बोलत होत्या. ते कोजागरीला गच्चीवर मसाला दूध करायचे, त्यात जायफळ जास्त पडायचं, यावर आम्ही हसलोसुद्धा.

फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तीन वेळा फॉर्म आणूनही वहिनींचा हात पुढे होत नाही. येत्या गुरुवारी मी कागद घेऊन जाणार आहे, घाई नाही, नुसते सोबत वाचायला. @मी_पाचपाखाडी, नॉमिनी पत्नीच आहे पण मुलगा अजून अठराचा व्हायचाय, तर शेअर सर्टिफिकेटसाठी नेमकं काय काय लागेल ते सांगाल का?

मी_पाचपाखाडी (वकील)
निरोप पाठवलाय. गुरुवारी किती वाजता ते सांगा, मीच येतो.